अध्यक्षांच्या सहीचे तीन कोरे कागद: ठाण्यातील एका महिला संस्थेचे प्रकरण

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत महिलांची एक संस्था तीन दशकांहून अधिक काळ काम करत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ साली जिथून कामाला सुरुवात केली ती ही वसाहत. पुढे इथले एकेक कारखाने बंद पडू लागले, घरातल्या पुरुषांचे पगार थांबले आणि किसन नगर, इंदिरा नगर, लोकमान्य नगर इथल्या बायका काम शोधू लागल्या, तेव्हा एका शाळेतील शिक्षिकेने चार मैत्रिणींना बरोबर घेऊन शिवणवर्ग सुरू केला. वर्गात येणाऱ्या बायका कापड बेतता बेतता घरातले सांगू लागल्या आणि त्यातून कौटुंबिक सल्ला केंद्र उभे राहिले. या शिक्षिकेला सगळे ‘बाई’ म्हणत आणि त्या अखेरपर्यंत संस्थेच्या अध्यक्ष होत्या. केंद्रात येणाऱ्या स्त्रियांची ओळख कोणत्याही वाटेने उघड होऊ नये म्हणून संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव इथे दिलेले नाही.

जून २०१९ मध्ये मी बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात बाईंनी मला बोलावून घेतले. “तुम्ही हिशेबातल्या. आमच्या सगळ्या बायका मनाच्या चांगल्या आहेत, पण आकडा दिसला की पदर डोक्यावर घेतात,” असे त्या म्हणाल्या आणि पुढच्या सभेत माझे नाव विश्वस्त म्हणून मंजूर झाले. बँकेत असताना एखाद्या संस्थेचे खाते उघडायला कोणी आले, की मी सर्वप्रथम परिशिष्ट १ चा ताजा उतारा मागत असे. इथे मी स्वतः विश्वस्त झाले, चहा घेतला, पेढा खाल्ला आणि तो उतारा मागितला नाही. या प्रकरणातला पहिला दोष हा आहे आणि तो माझा आहे.

परिशिष्ट १ म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदवहीचा उतारा; संस्थांच्या जगात सगळे त्याला ‘शेड्यूल वन’ म्हणतात. संस्थेचे विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, विश्वस्त नेमण्याची रीत काय, हे सारे त्यात असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे यातल्या कोणत्याही गोष्टीत बदल झाला, म्हणजे कोणी निवडून आले, कोणी राजीनामा दिला किंवा कोणाचा मृत्यू झाला, तरी तो घडल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. अर्ज मंजूर होईपर्यंत नोंदवहीत जुनीच नावे राहतात, आणि बँक सभेत कोणाला निवडले हे न पाहता नोंदवहीत कोणाचे नाव आहे हे पाहते. आमच्या संस्थेच्या नोंदवहीतली नावे २०११ सालची होती. २०१४ साली निवडणूक झाली, तिचा अर्ज दाखल झाला नाही. २०१७ साली निवडणूकच झाली नाही, जुने मंडळ पुढे चालत राहिले. २०२० साल महासाथीत गेले, पुढची सर्वसाधारण सभा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि तिचाही अर्ज कोणी केला नाही. नोंदवहीतल्या नऊ विश्वस्तांपैकी तिघी तोवर वारल्या होत्या, एक मुलाकडे बंगळुरूला स्थायिक झाली होती, आणि माझे नाव तर कुठेच नव्हते.

हे इतकी वर्षे कसे खपले, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. हिशेब तपासणी दरवर्षी वेळेवर होत होती, प्राप्तिकराची विवरणपत्रे भरली जात होती, २०२१ मध्ये सगळ्या धर्मादाय संस्थांना करावी लागलेली प्राप्तिकराची फेरनोंदणीही आमच्या सनदी लेखापालांनी मुदतीत केली होती. त्यामुळे कागदपत्रे नीट आहेत असा आमचा समज पक्का झाला. वास्तविक याच अधिनियमाखालच्या १९५१ च्या नियमांतील नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला काही प्रश्नांची उत्तरे नेमकी द्यावी लागतात: विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या राखली आहे का, सभा नियमित होतात का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का, कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको (कर्ज घेणारा) किंवा धनको (कर्ज देणारा) आहे का. आमच्या अहवालात इतिवृत्ताच्या वहीपुढे दरवर्षी ‘होय’ लिहिलेले होते आणि त्याखालच्या ताळेबंदावर विश्वस्त म्हणून माझी सही होती. इतिवृत्ते खरोखर होती, पण सुट्या कागदांवर, फायलीत खोचलेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये बाई गेल्या. बँक खात्याची व्यवस्था अशी होती, की धनादेशावर अध्यक्षांची सही हवीच आणि तिच्या जोडीला चिटणीस किंवा खजिनदार यांपैकी एकीची. ही अट बाईंनीच घालून घेतली होती, पैशावर आपले लक्ष राहावे म्हणून. त्या गेल्यावर खात्यात पैसे येऊ शकत होते, पण जाऊ शकत नव्हते. महिन्याला तीन पगार द्यायचे होते: समुपदेशकाचे १४,००० रुपये, शिवणशिक्षिकेचे ९,०००, आणि केंद्र उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, आलेल्या बाईला आधी पाणी देणाऱ्या मावशींचे ७,५००. शिवाय बारा लाखांचा कायम निधी मुदत ठेवीत होता आणि ती ठेव नोव्हेंबरमध्ये संपणार होती. बँकेतल्या अधिकाऱ्याने अगदी सौजन्याने तेच मागितले जे मी वर्षानुवर्षे इतरांकडे मागत आले होते: नव्या विश्वस्तांची नावे असलेला परिशिष्ट १ चा उतारा आणि त्या विश्वस्तांचा ठराव.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही केंद्रातच बसलो. पितृपक्ष चालू होता, बाईंना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि त्यांची खुर्ची कोणी घेत नव्हते. खजिनदारांनी कपाट उघडायला घेतले तेव्हा समुपदेशक ताईंनी त्यांना थांबवले, कारण त्या कपाटात संस्थेच्या फायलींबरोबर केंद्रात आलेल्या स्त्रियांची नोंदपत्रेही ठेवलेली होती. विश्वस्त झालो म्हणजे ती नोंदपत्रे वाचण्याचा अधिकार मिळतो असे नाही, हे त्यांनी आम्हाला शांतपणे सांगितले. मग त्यांनी स्वतः ती नोंदपत्रे काढून दुसऱ्या कप्प्यात ठेवली, त्याला कुलूप लावले आणि नंतर आमच्या फायली टेबलावर आल्या.

त्या फायलींत एक तपकिरी पाकीट होते. पाकिटावर बाईंच्या अक्षरात ‘अडीअडचणीला’ एवढेच लिहिलेले होते आणि आत संस्थेच्या छापील मथळ्याचे तीन कोरे कागद होते, तिन्हींच्या तळाशी उजवीकडे निळ्या शाईत बाईंची सही. जूनमध्ये रुग्णालयात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते करून ठेवले असावेत, असे शिवणशिक्षिकेने सांगितले. सही नेहमीसारखी ठाशीव नव्हती, तिसऱ्या कागदावर तर शेवटचे अक्षर खाली ओघळले होते. आपल्यामागे बायकांचे अडू नये एवढाच त्यांचा विचार असणार, याबद्दल मला आजही शंका नाही.

खजिनदारांनी एका ओळखीच्या माणसाचा सल्ला आणला होता. संस्थांची कामे करून देणाऱ्या या गृहस्थांचे म्हणणे असे, की एका कागदावर जुलै महिन्याच्या तारखेने ठराव लिहावा, की अध्यक्षांची प्रकृती बरी नसल्याने यापुढे चिटणीस आणि खजिनदार यांच्या दोन सह्यांवर खाते चालवावे. या दोघी नोंदवहीतल्याच, खाली बाईंची सही आहेच. बँक मानेल आणि पगार आठवड्यात होतील. उरलेल्या दोन कागदांवर २०१७ च्या निवडणुकीचे इतिवृत्त बसवावे म्हणजे मधली साखळी जुळेल. ही सूचना लबाडीने आलेली नव्हती, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. खजिनदार स्वतः दर महिन्याला पदरचे पैसे घालून शिवणवर्गाचा दोरा आणि अस्तर आणत. त्यांच्या डोळ्यांसमोर मावशींचा थांबणारा पगार होता. “बाईंची इच्छाच होती ती, त्यांनी सही करून ठेवली म्हणजे काय मग?” या त्यांच्या प्रश्नावर थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

मी विरोध केला आणि माझे कारण आधी कायद्याचे होते. जी सभा झाली नाही तिचे इतिवृत्त लिहिणे, मृत व्यक्तीच्या सहीवर मागची तारीख घालणे म्हणजे बनावट दस्तऐवज करणे, आणि तो पुढे बँकेत आणि धर्मादाय कार्यालयात वापरणे हा आणखी वेगळा गुन्हा. पण सभेचे मत वळले ते समुपदेशक ताईंच्या बोलण्याने. दोन आठवड्यांनी त्यांचाच पगार थकणार होता, त्यामुळे त्या बोलल्या याचे मोल मला फार वाटते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली एखादी स्त्री संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे जाते, तेव्हा तिच्या अर्जाबरोबर पुष्कळदा केंद्राचे पत्र जोडलेले असते: ही बाई अमुक तारखेला आमच्याकडे आली, तिने असे सांगितले, तिच्या अंगावर असे वळ होते. नवऱ्याचा वकील पहिला हल्ला त्या पत्रावरच करतो, तारीख नंतर घातली आहे, बाईच्या सांगण्यावरून लिहून दिले आहे, असे म्हणतो. ताई म्हणाल्या, “आतापर्यंत मी त्या पिंजऱ्याजवळ उभी राहून सांगू शकत होते, की आमच्याकडे मागच्या तारखेचा कागद होत नाही. उद्यापासून मला ते सांगता येणार नाही.”

आठपैकी पाच जणींनी कागद न वापरण्याच्या बाजूने मत दिले. तिन्ही कागदांवर त्याच सभेत आडव्या दोन रेघा मारून ‘रद्द’ असे लिहिले, त्याखाली हजर असलेल्या सगळ्यांनी तारखेसह सह्या केल्या आणि सापडले कधी, रद्द कसे केले, याची नोंद इतिवृत्तात घेतली. त्याच दिवशी नवी बांधीव वही आणली होती. हे तिचे पहिले इतिवृत्त. कागद फाडून टाकावेत असे एकीचे म्हणणे होते, पण बाईंची सही असलेला कागद फाडायला कोणाचाच हात पुढे होईना, आणि पुराव्याच्या दृष्टीनेही तो ठेवणेच योग्य होते.

यानंतर पगाराचा प्रश्न तसाच उभा राहिला. खजिनदारांनी संस्थेला दोन लाख रुपये उसने देण्याची तयारी दाखवली, खाते सुरू झाले की परत घेईन म्हणाल्या. इथे विश्वस्त पुष्कळदा चुकतात. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे संस्थेसाठी कर्ज काढायचे असेल, मग ते विश्वस्ताकडून बिनव्याजी का असेना, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आणि विश्वस्त संस्थेचा धनको झाला की लेखापरीक्षकाच्या त्या प्रश्नापुढे त्याचे नाव लिहावे लागते. हा नियम घरच्या माणसांना जाचक वाटतो, पण विश्वस्तानेच सावकार होऊन संस्थेची जागा गिळल्याच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना त्याचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही. खजिनदार दुखावल्या. “माझ्या पैशावरही संशय का?” असे म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला.

राजीनामा देऊन बाजूला होण्याचा मार्ग आपल्याकडच्या महिला संस्थांच्या इतिहासात नवा नाही. पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर १८९३ साली बाहेर पडले. धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद झाले होते आणि त्यांनी ते उघडपणे मांडले. त्यांची भूमिका पटो वा न पटो, तिथे निदान वाद काय हे सगळ्यांना ठाऊक होते. आमच्याकडे मात्र खजिनदार नुसत्या अबोल झाल्या, आणि त्यांचा राजीनामा हादेखील ९० दिवसांत कळवायचा एक बदलच होता. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी हिशेबाच्या सगळ्या वह्या, पावतीपुस्तके आणि शिल्लक ३,२४० रुपये रोख मोजून माझ्या हवाली केले, त्यात एका रुपयाची तफावत नव्हती. राजीनामा मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

पगारासाठी आम्ही चौघींनी वेगळा मार्ग काढला. दर महिन्याला मी ६,००० आणि इतर तिघींनी प्रत्येकी ४,००० रुपये काढायचे आणि पगारावरच्या तिघींना वैयक्तिक मदत म्हणून पाकिटातून द्यायचे. संस्थेवर त्याचा कोणताही बोजा नाही, हे पैसे संस्थेकडून कधीही मागितले जाणार नाहीत आणि तिघींचा पगार संस्थेकडे थकीत म्हणूनच उभा राहील, असे इतिवृत्तात लिहिले. तिघींच्या पगाराची बेरीज ३०,५०० होत होती आणि आमच्याकडून १८,००० जमत होते. समुपदेशक ताईंना घरभाडे होते. त्यांनी आठवड्यातले तीन दिवस दुसरीकडे काम धरले आणि केंद्र मंगळवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस चालू राहिले.

कागदपत्रांचे काम मी आणि चिटणीस यांनी केले. प्रत्येक बदलासाठी सभेची सूचना, ती पोचल्याचा पुरावा, उपस्थितीपत्रक, इतिवृत्ताची प्रत, आत येणाऱ्यांची संमतीपत्रे, बाहेर गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले आणि वर प्रतिज्ञापत्र लागते. वारलेल्या विश्वस्तांपैकी एकीचा दाखला तिच्या सुनेने देव्हाऱ्याच्या खणातून काढून दिला. २०१४ चे कागद पूर्ण निघाले. २०१७ बद्दल आम्ही खरे तेच लिहिले, की निवडणूक झाली नाही आणि जुने मंडळ काम पाहत राहिले. २०१९ ची माझी नेमणूक संस्थेच्या घटनेतल्या रीतीप्रमाणे झालेली नव्हती, म्हणून तिचा दावा केला नाही. माझे नाव २०२१ च्या निवडणुकीपासूनच लावले. उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज दिला, त्यात कारण म्हणून आजारपण किंवा महासाथ यांच्या आड न लपता, बदल कळवावे लागतात याकडे मंडळाचे दुर्लक्ष झाले असे लिहिले. आमच्या वकिलांना ते वाक्य पसंत नव्हते.

अर्ज ऑक्टोबरच्या अखेरीस दाखल झाले. अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातील बदलाला १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देऊन ३० दिवसांची हरकतीची नोटीस काढण्याची सोय कायद्यात आहे, पण आधीचा बदल निकाली निघाल्याशिवाय पुढच्याला हात लागत नाही, कारण २०२१ ची सभा बोलावणारे मंडळ २०१४ चे होते. आमच्या साखळीला मार्च २०२३ उजाडले. या काळात नोव्हेंबरमध्ये संपलेली मुदत ठेव सहीअभावी तशीच पडून राहिली. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे मुदत संपूनही न काढलेल्या ठेवीवर बचत खात्याचा किंवा ठरलेला, यांपैकी जो कमी तो दर मिळतो. सव्वासहा टक्क्यांऐवजी २.७० टक्के, म्हणजे बारा लाखांवर महिन्याला ३,५५० रुपयांचा तोटा, चार महिन्यांत १४,२०० रुपये. समुपदेशकाचा एक महिन्याचा पगार त्यात गेला.

दुसरा तोटा आकड्यात मांडता येत नाही. जानेवारीतल्या एका गुरुवारी एक बाई लहान मुलीला घेऊन केंद्राच्या दारात आली, कुलूप पाहून पायरीवर बसली आणि अर्ध्या तासाने निघून गेली. समोरच्या वाण्याने हे मावशींना संध्याकाळी सांगितले. मुलीच्या पायात एकच चप्पल होती, एवढे त्याच्या लक्षात राहिले होते. मावशींनी आसपासच्या गल्ल्यांत विचारले, आम्ही पुढचे काही आठवडे येणाऱ्या प्रत्येकीकडे त्या दृष्टीने पाहत राहिलो. ती कोण होती हे कळले नाही. त्या आठवड्यातच दारावर फलक लावला: उघडे असण्याचे वार, ताईंचा दूरध्वनी आणि महिला मदतवाहिनीचा १८१ हा क्रमांक. हा फलक आम्ही सप्टेंबरातच लावायला हवा होता, त्याला ना धर्मादाय कार्यालयाची मंजुरी लागत होती ना बँकेची. कागद खरा ठेवायचा हा आमचा निर्णय बरोबर होता असे मी आजही मानते, परंतु त्याची किंमत कोणाकोणाला मोजावी लागेल याची यादी आम्ही त्या शनिवारी केली नाही. आम्ही पगाराचा विचार केला, दारात येणारीचा केला नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खाते सुरू झाले आणि सहा महिन्यांचे थकीत पगार धनादेशाने दिले. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या घरी, चरईत, आल्या. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढले आणि सहा महिन्यांत मिळालेली मदत, सगळीच्या सगळी, माझ्यापुढे ठेवली. ती मदत परत करायची नव्हती, तसे इतिवृत्तात लिहिले आहे, असे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “ते तुमच्या वहीत, ताई. माझा पगार मला मिळाला, आता हे माझं नाही.” मी पैसे ठेवून घेतले आणि ज्या चौघींचे होते त्यांना पोचवले. न घेणे मावशींना लागले असते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

आता खात्यावर चार विश्वस्तांची नावे आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या चालतात. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ‘नोंदवहीतील नावे’ हा असतो. परिशिष्ट १ चा उतारा सभेत टेबलावर ठेवला जातो आणि नवीन विश्वस्ताला पेढ्याआधी तो वाचायला दिला जातो. खजिनदारांच्या राजीनाम्याचा अर्ज ९० दिवसांच्या आत गेला. त्या अजूनही शिवणवर्गाला दोरा पाठवतात, स्वतः येत नाहीत. केंद्र सध्या आठवड्यातून चार दिवस उघडे असते. ताईंनी दुसरीकडचे काम कमी केले, पण एक दिवस अद्याप तिकडे देतात, आणि गुरुवारसाठी दुसऱ्या समुपदेशकाचा शोध चालू आहे.